दप्तराची किल्ली आणि कोर्टाची पायरी



शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये, असे मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या सांगण्यामागे अनुभव आहे. तारखांमागून पडणाऱ्या तारखा, वकिलाची फी, झिजलेल्या वहाणा आणि निकाल लागेपर्यंत मूळ वादाचाच पडलेला विसर, हे ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडून ती म्हण निघाली. परंतु ती निघाली दोन भावांच्या बांधावरच्या भांडणातून. भांडण जेव्हा सरकारी कपाटाच्या कुलपाशी असते आणि ते कपाट, ते कुलूप व आतले कागद ही सर्व लोकांच्याच पैशाने घेतलेली असतात, तेव्हाही ही म्हण लागू पडते काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषयाचा आरंभ दिल्लीजवळच्या एका गावापासून करणे सोयीचे होईल. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, हरियाणाच्या गुरुग्राम जिल्ह्यात, अरवलीच्या पायथ्याशी मानेसर हे गाव आहे. आज ते मोटारींच्या कारखान्यांमुळे आणि औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. पूर्वी ते बाजरी, मोहरी आणि गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव होते. मानेसर आणि त्याला लागून असलेली नौरंगपूर व लखनौला ही गावे, या तीन गावांची सुमारे ९१२ एकर जमीन औद्योगिक नगरीसाठी संपादन करण्याचा इरादा हरियाणा सरकारने २७ ऑगस्ट २००४ रोजी जाहीर केला. ही जाहीर सूचना १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या चौथ्या कलमाखाली होती. पुढे २५ ऑगस्ट २००५ रोजी, त्याच कायद्याच्या सहाव्या कलमाखाली, त्यातील बऱ्याच जमिनीविषयी अंतिम घोषणा झाली. घोषणेनंतर दोन वर्षांच्या आत नुकसानभरपाईचा निवाडा व्हावा, अशी त्या कायद्यात मुदत होती. निवाड्याची तारीख २६ ऑगस्ट २००७ ही ठरली.

या तीन वर्षांत त्या शेतकऱ्याच्या मनाची अवस्था काय असेल, याची कल्पना महाराष्ट्रातल्या कोणत्याही धरणग्रस्ताला किंवा औद्योगिक वसाहतीखाली जमीन गेलेल्या माणसाला सहज करता येईल. जमीन जाणारच आहे, सरकार देईल ते पदरात पडणार आहे, मग त्यापेक्षा चार पैसे जास्त देणारा कोणी दारात आला तर त्याला विकलेली बरी, असा हिशेब घराघरात मांडला गेला. गृहबांधणी करणाऱ्या खाजगी कंपन्या आणि मध्यस्थ यांनी त्या काळात तेथे मोठ्या प्रमाणावर जमिनी विकत घेतल्या. मग निवाड्याला दोन दिवस उरले असताना, २४ ऑगस्ट २००७ रोजी, संपादनाची कार्यवाही पुढे न नेण्याचा निर्णय सरकारने घेतला. जमीन संपादनातून सुटली. परंतु सुटली त्या वेळी ती पुष्कळशी मूळ शेतकऱ्याच्या हातात राहिली नव्हती. संपादन मागे घेतल्याचा औपचारिक आदेश निघाला तो २९ जानेवारी २०१० रोजी, म्हणजे सुमारे अडीच वर्षांनी.

या घटनाक्रमात एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात छापला गेला, वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाला, चावडीवर लागला. कायद्याला तसे करणे भाग होते. परंतु ती जमीन न घेण्याकडे सरकारचे पाऊल वळू लागले ते मात्र फायलीच्या आत. भीती जाहीर झाली आणि सुटका गुप्त राहिली. ज्या एका माहितीवर शेतकऱ्याच्या विकण्या-न-विकण्याचा निर्णय अवलंबून होता, नेमकी तीच माहिती त्याच्यापाशी नव्हती. त्याच्या जमिनीची किंमत मातीच्या कसावर ठरली नाही, पाण्यावर ठरली नाही. ती एका टिप्पणीवर ठरली, आणि ती टिप्पणी ज्या दप्तरात होती त्या दप्तराची किल्ली त्याच्याकडे नव्हती.

हे प्रकरण शेवटी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती आदर्शकुमार गोयल आणि न्यायमूर्ती उदय लळित यांच्या खंडपीठाने १२ मार्च २०१८ रोजी निकाल दिला. कोकणातील गिर्ये येथील घराण्याचे लळित हे पुढे २०२२ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. २४ ऑगस्ट २००७ चा तो निर्णय म्हणजे सत्तेचा कपटाने केलेला वापर होता, असे न्यायालयाने ठरवले. २६ ऑगस्ट २००७ रोजी निवाडा झालाच होता असे मानण्यात यावे आणि त्या जमिनी सार्वजनिक संस्थांकडे जाव्यात, असा आदेश झाला. शेतकऱ्यांना विक्रीतून मिळालेले पैसे परत करावे लागू नयेत, अशीही तजवीज निकालात होती.

न्याय झाला. परंतु तो साडेदहा वर्षांनी झाला आणि जमीन मूळ मालकाला परत मिळाली नाही. न्यायालय कपट उघडे पाडू शकते, व्यवहार रद्द करू शकते, चौकशी लावू शकते. पण २००६ साली एखाद्या शेतकऱ्याने कोणत्या भीतीपोटी अंगठा उमटवला, तो क्षण ते परत आणू शकत नाही. म्हणूनच माहिती वेळेवर मिळण्याचे मोल नंतर मिळणाऱ्या भरपाईहून मोठे आहे. औषध रोगावर द्यायचे असते. मृत्यूच्या दाखल्याला ते बांधून उपयोग नसतो.

येथे कोणी विचारील की, माहितीचा अधिकार देणारा कायदा तर १२ ऑक्टोबर २००५ रोजीच अंमलात आला होता. हे खरे आहे. इतकेच नव्हे, तर त्या कायद्याच्या चौथ्या कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की, लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना अथवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व प्रस्तुत वस्तुस्थिती सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करावी आणि प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना सांगावीत. अर्ज करण्याचीही गरज नाही. तेव्हा मानेसरच्या शेतकऱ्यापुढे कायदा नव्हता असे नाही. कायदा होता, आणि तरीही फाईल मिटलेली होती. कायदा आणि फाईल यांच्यामधले हे अंतर कापण्यासाठी जी वाट आहे, ती न्यायालयाच्या पायरीवरून जाते. ती वाट कशी तयार झाली, हे आता पाहावयाचे आहे.

सरकारी कागद गुप्त असणे हा नियम आणि तो दाखवणे हा अपवाद, ही रीत इंग्रजी अमलातून आली. १८७२ च्या पुरावा कायद्याचे १२३ वे कलम असे होते की, राज्यकारभारासंबंधीच्या अप्रकाशित दप्तरातील पुरावा खात्याच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय न्यायालयातही देता येऊ नये. त्यावर १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने कळस चढवला. परक्या राज्यकर्त्याला आपल्या प्रजेपासून लपवण्यासारखे पुष्कळ होते, हे समजण्यासारखे आहे. नवल याचे की, स्वराज्य आल्यावरही कारकून तोच शिक्का तसाच उमटवत राहिला.

या रीतीला पहिला मोठा तडा गेला तो १९७५ साली. राजनारायण यांनी रायबरेलीच्या निवडणुकीविरुद्ध अलाहाबाद उच्च न्यायालयात अर्ज केला होता. पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेविषयीच्या सूचनांचे एक पुस्तक, ज्याला ‘ब्लू बुक’ म्हणत, ते त्यांना पुराव्यासाठी हवे होते. सरकारने विशेषाधिकार सांगितला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कागद गुप्त आहे असे सरकारने म्हटले म्हणजे विषय संपत नाही, तो कागद पाहून लोकहिताचा तोल जोखण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, ही भूमिका त्या निकालाने पक्की केली. त्याच निकालात न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी असा विचार मांडला की, ज्या शासनात लोकांचे सर्व सेवक आपल्या वर्तनाला जबाबदार असतात तेथे गुपितांना फारसा वाव असू शकत नाही. सार्वजनिक सेवकांनी सार्वजनिक रीतीने केलेले प्रत्येक कृत्य जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. पुढे १९८१ च्या डिसेंबरात न्यायाधीशांच्या नेमणुकांसंबंधीच्या एस. पी. गुप्ता खटल्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी हा विचार आणखी पुढे नेला. खुलेपणा हा नियम आणि गुप्तता हा अपवाद, असा क्रम त्यांनी लावला आणि माहितीचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील भाषणस्वातंत्र्यातच अंतर्भूत असल्याचे सांगितले. ज्याला काही ठाऊकच नाही, त्याच्या बोलण्याच्या स्वातंत्र्याला अर्थ तो काय उरतो?

तथापि या दोन्ही खटल्यांत कागद मागणारा माणूस आधीच न्यायालयात उभा होता आणि कागद त्याला पुरावा म्हणून हवा होता. ज्याचा स्वतःचा काही दावा नाही, जो केवळ नागरिक आहे, त्याने सरकारी कचेरीत जाऊन फाईल पाहावयास मागितली तर काय? या प्रश्नाचे एक स्वच्छ उत्तर महाराष्ट्रात मिळाले, आणि ते मिळाले पुण्याच्या छावणीमध्ये.

पुणे कॅन्टोन्मेंट हा जुन्या बंगल्यांचा, रुंद रस्त्यांचा आणि मोठ्या वृक्षांचा भाग. तेथे नव्या इमारतींना कोणत्या आधारावर परवानग्या दिल्या जात आहेत, हे तपासण्यासाठी बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेने बोर्डाची कागदपत्रे पाहण्यास मागितली. श्याम चैनानी हे या संस्थेचे प्रमुख कार्यकर्ते होते. त्या वेळी माहितीच्या अधिकाराचा कायदा नव्हता, अर्जाचा नमुना नव्हता, माहिती अधिकारी नव्हता. केवळ घटनेचा आधार होता. बोर्डाने नकार दिल्यावर संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. ७ ऑक्टोबर १९८६ रोजी उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा सामाजिक संस्थेला सार्वजनिक प्राधिकरणाची ही कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. पर्यावरणाच्या रक्षणात लोकांचा सहभाग अत्यावश्यक आहे, आणि माहितीवाचून सहभाग होऊ शकत नाही, असा त्यामागचा विचार होता. सहाच दिवसांनी, १३ ऑक्टोबर रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आपली मोहोर उठवली.

संसदेचा कायदा यानंतर एकोणीस वर्षांनी आला. म्हणजे कायदा होण्यापूर्वी हक्क होता. तो कोणीतरी मागून घेण्याची वाट पाहत होता. न्यायालयीन लढ्याचे हे पहिले कार्य. जे घटनेत बीजरूपाने असते त्याला तो लढा अंकुर फोडतो.

परंतु केवळ निकालांनी राज्य चालत नाही. एका कॅन्टोन्मेंटची फाईल उघडली म्हणून तालुक्यातालुक्यातील फायली उघडत नाहीत. त्यासाठी लोकांना रस्त्यावर यावे लागले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपटांच्या नकला मागितल्या आणि १९९६ मध्ये ब्यावर येथे दीर्घ धरणे धरले. गोव्याने १९९७ सालीच आपला कायदा केला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००० सालच्या अपुऱ्या कायद्याच्या जागी अधिक सकस कायदा आला. तो २३ सप्टेंबर २००२ पासून लागू धरला गेला आणि त्याला राष्ट्रपतींची संमती ऑगस्ट २००३ मध्ये मिळाली. केंद्राने २००२ साली केलेला माहिती स्वातंत्र्याचा कायदा मात्र कधीच अंमलात आणला गेला नाही. अखेर २००५ चा कायदा आला. दहा रुपयांचे शुल्क, तीस दिवसांची मुदत, जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास, खात्यातच पहिले अपील, त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरे अपील, आणि विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दररोज अडीचशे रुपयांप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंत दंड, अशी त्याची साधी रचना आहे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याचा भार नाकारणाऱ्यावर आहे, मागणाऱ्यावर नाही. एवढ्या एका वाक्याने कारकून आणि नागरिक यांच्या खुर्च्या बदलल्या.

या कायद्याखालील आदेशांविरुद्ध दिवाणी न्यायालयात दावा लावता येत नाही. तेविसाव्या कलमाने ते दार बंद केले आहे. परंतु घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. ते दार दोन्ही बाजूंनी वाजते. कधी माहिती न मिळालेला नागरिक येतो, तर कधी माहिती द्यावी लागेल या भीतीने खुद्द प्राधिकरणच येते. २००५ नंतरच्या लढ्याचे स्वरूप असे दुहेरी आहे, आणि त्याची काही उदाहरणे मराठी माणसाला जवळची आहेत.

पहिले उदाहरण २००६-०७ चे. वनविषयक आदेशाच्या अवमानाबद्दल महाराष्ट्राचे मंत्री सुरूपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने मे २००६ मध्ये एक महिन्याची कैद दिली. त्या शिक्षेतील बराच काळ त्यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काढला. त्यांच्या वैद्यकीय नोंदींची माहिती एका नागरिकाने मागितली. रोग्याची गुप्तता मोठी की लोकांचा हक्क मोठा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. सामान्यतः रोग्याच्या नोंदी खाजगी राहाव्यात हे न्यायालयाने मान्य केले. परंतु शिक्षा भोगणारा माणूस ती तुरुंगात भोगतो की रुग्णालयात, हा लोकांच्या हिताचा प्रश्न आहे. या विवेचनात कायद्याच्या आठव्या कलमातील एका परंतुकाला मोठे महत्त्व होते. जी माहिती संसदेला वा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे ते परंतुक होते. आमदाराला जे कळू शकते ते मतदाराला का कळू नये, हा त्याचा साधा अर्थ.

दुसरे उदाहरण गोव्याचे. तत्कालीन विरोधी पक्षनेते मनोहर पर्रीकर यांनी राज्याच्या अॅडव्होकेट जनरलविरुद्धच्या तक्रारींवर काय कारवाई झाली, हे राजभवनाला विचारले. राज्यपाल हे सार्वजनिक प्राधिकरणच नव्हेत, अशी राजभवनाची भूमिका होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने नोव्हेंबर २०११ मध्ये ती अमान्य केली.

तिसरे उदाहरण खुद्द न्यायसंस्थेचे आहे आणि त्यात एक मौज आहे. सरन्यायाधीशांचे कार्यालय माहितीच्या कायद्याखाली येते की नाही, या वादात सर्वोच्च न्यायालयाचाच माहिती अधिकारी सर्वोच्च न्यायालयात अपील घेऊन आला होता. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते कार्यालय कायद्याच्या कक्षेत असल्याचे ठरवले. न्यायाधीशानेच स्वतःचे कपाट उघडण्याचा आदेश द्यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

आणि चौथे उदाहरण सर्वांच्या स्मरणातले. राजकीय पक्षांना निनावी देणग्या देण्याची निवडणूक रोख्यांची योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली, ती मुख्यतः मतदाराच्या माहितीच्या हक्काच्या आधारावर. तपशील देण्यासाठी स्टेट बँकेने जूनअखेरपर्यंत मुदत मागितली. ११ मार्च रोजी न्यायालयाने ती नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी कामकाज संपण्यापूर्वी माहिती देण्यास सांगितले. त्याच आठवड्यात ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आली. काही महिने लागतील असे सांगितले गेलेले काम आदेशाच्या धाकाने दिवसांत झाले, यावरून ‘वेळ लागेल’ या सरकारी वाक्याची किंमत ध्यानात यावी.

परंतु न्यायालयाची पायरी चढणाऱ्याने तिचा उतारही ओळखला पाहिजे. अकोल्याच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयातील एका अधिकाऱ्याची सेवाविषयक माहिती एका नागरिकाने मागितली होती. ज्ञापने, शिस्तभंगाची कार्यवाही, मालमत्ता यांचा तीत समावेश होता. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही माहिती म्हणजे अधिकारी आणि त्याचा नियोक्ता यांच्यातील खाजगी बाब ठरवली. एका माणसाने एक अर्ज केला आणि तो हरला, एवढेच हे असते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु सर्वोच्च न्यायालयात हरलेला खटला एकट्याचा राहत नाही. त्या निकालाचा आधार घेऊन पुढे देशभर असंख्य अर्ज नाकारले गेले. विहीर एकाने खणायची आणि पाणी गावाने प्यायचे, तसेच हे. मात्र पाणी खारे लागले तर तेही गावालाच प्यावे लागते. म्हणून कोणता खटला न्यायालयात न्यावयाचा, लोकहिताचा कोणता पुरावा त्याच्या पाठीशी उभा करावयाचा, याचा विचार उतावीळपणे करून चालत नाही.

येथे पुन्हा मानेसरकडे वळले पाहिजे, कारण त्याच गावाची दुसरी बाजू सांगावयाची राहिली आहे. मानेसरला राष्ट्रीय सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आणि मोठा तळ आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला तेव्हा ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊस येथे लढलेले कमांडो तेथूनच निघाले होते. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत या दलाचे नाव आहे आणि चोविसाव्या कलमाने त्याला या कायद्यातून वगळले आहे. याविषयी कोणाही समंजस नागरिकाची तक्रार असण्याचे कारण नाही. ओलिसांची सुटका करणाऱ्या तुकडीच्या योजना खुल्या करा, असे कोणी म्हणणार नाही. तरीही कायद्याने येथेसुद्धा एक झरोका ठेवला आहे. भ्रष्टाचाराच्या आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाच्या आरोपांसंबंधीची माहिती या सवलतीतून वगळलेली आहे. दल गुप्त असू शकते. गैरव्यवहार गुप्त असू शकत नाही.

एकाच गावाच्या परिसरात असे दोन बंद कप्पे आहेत. एक कमांडोंच्या योजनांचा. तो बंद राहिल्याने लोकांचे प्राण वाचतात. दुसरा जमिनीच्या टिप्पणीचा. तो बंद राहिल्याने लोकांच्या जमिनी गेल्या. दोघांवर शिक्का एकच असतो, ‘गोपनीय’. कोणता शिक्का खरा आणि कोणता सोयीचा, हे शिक्का मारणाऱ्यानेच ठरवावयाचे असेल तर प्रत्येक शिक्का खराच ठरेल. तिसऱ्या कोणीतरी ते ठरवले पाहिजे. न्यायालयाची गरज आहे ती येथे, आणि १९७५ पासूनच्या सगळ्या निकालांचे सारही हेच आहे.

या लढ्यात धोका केवळ खटला हरण्याचा नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगतच्या जमीन व्यवहारांची माहिती काढणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांची १३ जानेवारी २०१० रोजी हत्या झाली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मानेसर असो की मावळ, महामार्ग आला की जमिनीचा भाव वाढतो आणि भाव वाढला की माहितीचा भाव तिच्याहून अधिक वाढतो. एकट्या माणसाने अशी माहिती मागितली की तो एकटा पडतो. दहा जणांनी, ग्रामसभेने, एखाद्या संस्थेने मागितली तर धमकी कोणाला द्यावी हे कळेनासे होते. संघटितपणे अर्ज करणे हे म्हणूनच शहाणपणाचे आहे आणि सुरक्षिततेचेही.

आजची स्थिती काय आहे? माहिती आयोगांतील जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि अपिले तुंबतात, म्हणून काही नागरिकांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने त्या जागा वेळेवर आणि पारदर्शक रीतीने भरण्याविषयी निर्देश दिले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन आयुक्तांची मुदत व वेतन ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने आठव्या कलमातील वैयक्तिक माहितीविषयीचा खंड बदलला, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा तिने खाजगीपणावर अवाजवी आघात होतो, असे दाखवावे लागे. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हणणे पुरेसे झाले आहे. ज्या परंतुकाचा आधार मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली घेतला होता, ते आमदार आणि मतदार यांना एका पंक्तीला बसवणारे परंतुकही त्या बदलात गेले. हजेरीपटावर नाव असते, जमिनीच्या नोंदीत नाव असते, परवानगीच्या अर्जावर नाव असते. नाव असलेला प्रत्येक कागद वैयक्तिक मानला गेला, तर ब्यावरच्या मजुरांनी मागितलेला हजेरीपट आज कोणाला दिसेल?

तथापि सगळी दारे बंद झाली, असे मानण्याचे कारण नाही. आठव्या कलमाचा दुसरा पोटखंड शाबूत आहे. माहिती उघड करण्यातील लोकहित हे तिने होणाऱ्या हानीहून मोठे असेल, तर ती देता येईल, असे तो सांगतो. म्हणून यापुढे मागणाऱ्याने केवळ ‘माहिती द्यावी’ असे लिहून थांबू नये. या माहितीने कोणते लोकहित साधते, न दिल्यास कोणाचे कोणते नुकसान होते, हे अर्जातच नेमक्या शब्दांत मांडावे. पहिल्या अपिलात तेच मांडावे, दुसऱ्यातही तेच. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलेच, तर न्यायाधीशापुढे येणारा कागद हाच असतो. चांगला खटला वकिलाच्या कचेरीत जन्माला येत नाही. तो पहिल्या अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात जन्माला येतो.

आणखी एक काम न्यायालयाबाहेरचे आहे आणि ते ग्रंथालयांना सहज करता येण्यासारखे आहे. चौथ्या कलमाखाली प्रत्येक कचेरीने स्वतःहून जे प्रसिद्ध केले पाहिजे, ते गावातल्या माणसाच्या हाती पडेल अशा जागी असत नाही. राजपत्रातील भूसंपादनाच्या सूचना, विकास आराखड्यांचे मसुदे, हरकतींच्या तारखा, या गोष्टी वाचनालयाच्या एका टेबलावर मिळू लागल्या, तर कित्येक खटले उभेच राहणार नाहीत. वर्तमानपत्र वाचावयास आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला शेजारच्या मुलाने आपल्या गावाचा गट क्रमांक त्या सूचनेत दाखवावा आणि हरकतीची मुदत अजून संपलेली नाही हे सांगावे, यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची आवश्यकता नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण खोटी नाही. तिला एक पुस्ती मात्र जोडली पाहिजे. ज्या काळी कोणी एकाने ती पायरी चढली, म्हणूनच आज पुष्कळांना ती न चढता फाईल पाहावयास मिळते. पुण्याच्या छावणीतील ते दप्तर १९८६ साली उघडले नसते, तर २००५ चा कायदा कदाचित आणखी उशिरा आला असता; आणि मानेसरची ती टिप्पणी २००७ साली वेळेवर उघडली असती, तर २०१८ च्या निकालाची वेळच आली नसती. एका बाजूला वेळेवर चढलेली पायरी आहे, दुसऱ्या बाजूला उशिरा मिळालेला न्याय. या दोहोंतील कोणता मार्ग स्वस्त पडतो, याचा हिशेब मांडण्यास फार मोठे गणित लागत नाही.